शत्रूच्या चांदीवर आपला ठसा

नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यात, जेथे दारणा गोदावरीस येऊन मिळते त्या संगमापाशी, जोगलटेंभी नावाचे एक लहानसे गाव आहे. आणि प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासात त्या गावाचे नाव जे कायमचे नोंदले गेले ते १९०६ साली तेथे सापडलेल्या चांदीच्या नाण्यांच्या साठ्यामुळे. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांतील १३,२५० नाणी पारखून त्यांचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सारी नाणी मुळात क्षहरात या शक क्षत्रप कुळातील नहपान राजाची. परंतु त्यांपैकी ९,२७० हून अधिक नाण्यांवर नहपानाचा उच्छेद करणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला ठसा पुन्हा मारलेला.

एकाच्या नाण्यावर दुसऱ्याने छाप मारण्याची ही रीत सातवाहनांनी शोधून काढलेली नव्हे. नाणे पाडण्याच्या कामात खरे कष्ट ठसा मारण्यात नसतात. ते धातू वितळवणे, त्याचा कस ठरवणे, सारख्या वजनाच्या चकत्या तयार करणे यांत असतात, आणि कोणा परक्याच्या टांकसाळीने हे सर्व आधीच उरकून ठेवले असेल तर ते तयार नाणे आपल्या दोन साच्यांमध्ये धरून वर घणाचा एक घाव घातला की काम झाले. म्हणून ज्याच्यापाशी वेळ थोडा, किंवा ज्याच्या मुलखात चांदीची खाण नाही, तो या मार्गास सहज लागतो. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेटापॉन्टम या ग्रीक नगराने इ. स. पूर्व पाचव्या शतकात कॉरिंथच्या नाण्यांवर आपले धान्याचे कणीस उमटवले ते याच सोयीने. पुढे पार्थियात, जेथे अर्साकिद घराण्याच्या गादीवर एकाच वेळी दोन दावेदार असणे हा जवळजवळ नित्याचा प्रकार होता, या सोयीला वैराची धार आली. इ. स. पूर्व २६ च्या सुमारास चौथा फ्रातीस आणि त्याचा प्रतिस्पर्धी तिरिदात यांच्यात टायग्रिसकाठच्या सेल्युकिया नगरासाठी झुंज चालली होती, आणि त्या नगरीच्या चार द्राख्मांच्या मोठ्या नाण्यांवर वर्षाबरोबर महिनाही कोरण्याची पद्धत असल्याने, एकाच्या छापावर दुसऱ्याचा छाप पडलेली नाणी हाती घेऊन टांकसाळीवरचा अंमल कोणत्या सुमारास पालटला याचा अभ्यासकांना अदमास घेता येतो. रोममध्ये राहून आलेल्या पहिल्या वोनोनीसने तर प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन ‘अर्तबानाला जिंकणारा’ हे बिरुदच आपल्या नाण्यावर घातले. यहुदियात १३२ ते १३५ या काळात रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबाच्या अनुयायांनी रोमन सम्राटाच्या मुखावरच द्राक्षाचा घड आणि वीणेसारखे वाद्य उमटवले.

जोगलटेंभीचे नाणे हाताच्या तळव्यावर ठेवून पाहावे. वजन फार तर दोन-सव्वादोन ग्रॅम. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारे राजाचे मुख आणि भोवती ग्रीक लिपीतील अक्षरे, पण भाषा प्राकृत. मागील बाजूस बाण आणि वज्र, व त्यांच्या भोवती ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत नहपानाचे नाव. त्यावर गौतमीपुत्राच्या कारागिराने एका अंगास तीन कमानींचा चैत्य आणि खाली नागमोडी रेघ, भोवती ‘राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचे’ अशा अर्थाची ब्राह्मी अक्षरे, तर दुसऱ्या अंगास चार वर्तुळे जोडणारे उज्जयिनीचिन्ह, असा छाप घातला. घाव प्रत्येक वेळी सारखा बसला नाही, आणि म्हणून चैत्याच्या कमानीआडून नहपानाचे नाक डोकावते, वर्तुळांच्या मधून बाणाचे टोक निघते, किंवा कडेला दोन-चार ग्रीक अक्षरे तशीच राहिलेली असतात.

अशा चांदीवर कोणते व्यवहार उभे होते ते एका लेखावरून कळते. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या लेण्यात जो शिलालेख खोदवला आहे, त्यात भिक्षुसंघासाठी ठेवलेल्या ३,००० कार्षापणांचा, म्हणजे त्या काळच्या चांदीच्या नाण्यांचा, हिशेब सापडतो: २,००० कार्षापण नाशिकजवळच्या गोवर्धनातील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक दराने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मूळ रकमेस हात लावायचा नाही, व्याजातूनच भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि किरकोळ खर्च चालवायचा, अशी अटही त्यात आहे. राज्य बदलले म्हणून असली देणी-घेणी बुडत नाहीत, आणि ती चालू ठेवायची तर चलनही चालू ठेवावे लागते.

गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिच्या प्रशस्तीत, जी त्याच डोंगरातील तिसऱ्या लेण्यात आहे, आपल्या पुत्राने शक, यवन आणि पह्लव, म्हणजे पार्थियन, यांचा संहार केला आणि क्षहरात वंश निःशेष केला असे मोठ्या आवेशाने सांगितले आहे. आणि ती प्रशस्ती वाचून नाण्यांकडे वळणारा वाचक साहजिकच असे समजतो की तोच आवेश येथे धातूत उतरला आहे. मला ही उपपत्ती अपुरी वाटते. सूडाचीच भावना असती तर आधी जुने मुख घासून काढले असते, आणि त्याच साठ्यात नहपानाची सुमारे चार हजार नाणी छापावाचून, पुनर्मुद्रित नाण्यांच्या जोडीनेच, राहिली नसती. येथे विजेत्याच्या क्रोधापेक्षा खजिनदाराचा हिशेब अधिक दिसतो.

याला पुष्टी देणारा पुरावा त्याच तिसऱ्या लेण्यात आहे. आपल्या राज्यवर्ष १८ मध्ये गौतमीपुत्राने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास विजयी सैन्याच्या छावणीतून हुकूम पाठवला, की कखडी गावातील, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे माप) शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना दिले आहे. जमीन तीच, दान घेणारे लेणीवासी, फक्त सनद नव्या धन्याची. या कारभाराचा विनोदी भाग असा की सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, अमात्य श्यामक याच्या नावे दुसरा हुकूम काढावा लागला. कारण ते गाव ओसाड होते, शेत कोणी कसत नव्हते, आणि भिक्षूंच्या पदरी त्यातून काही पडत नव्हते. तेव्हा नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने त्यांना तोडून देण्यात आली. चांदीचे तसे नव्हते. तिच्यावर कोणाचाही छाप पडला तरी ती बाजारात चालत राहिली.

पुढे कार्दमक या दुसऱ्या क्षत्रप घराण्याचा चष्टन उज्जयिनीस महाक्षत्रप झाला, तेव्हा त्याच्याही चांदीच्या नाण्यावर तीन कमानींचा चैत्य आला. सातवाहनांच्या नाण्यांवरूनच तो घेतला, असे नाणकशास्त्रज्ञ मानतात. राजाचे मुख एका बाजूस आणि हा चैत्य दुसऱ्या बाजूस ठेवून क्षत्रपांनी जवळजवळ तीनशे वर्षे नाणी पाडली, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने त्यांचे राज्य जिंकून घेतले तेव्हा त्याने तेच वजन व तोच घाट कायम ठेवून चैत्याच्या जागी गरुड बसवला.