कुलूप कशाला लागते, आणि कशाला पुरत नाही

"आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" एन्क्रिप्शनचा विषय काढला की हुडकेश्वरच्या वस्त्यांमधले तरुण कार्यकर्ते आम्हाला हेच विचारतात. मित्रांनो, आपल्या लॅपटॉपमध्ये आपले एकट्याचे काही नसते. अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादी, साक्षीदारांचे नंबर, आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्यांचे पत्ते, ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर नुसता लॉगिन पासवर्ड कामाचा नाही. हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळे वाचता येते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्डशिवाय हाती निरर्थक अक्षरेच लागतात.

हे कुलूप कोणाचे घ्यायचे, याचे उत्तर इतिहासात आहे. २००४ मध्ये ट्रूक्रिप्ट आले. ते फुकट होते आणि त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला होता. बनवणारे मात्र निनावी होते. मे २०१४ मध्ये त्यांनी अचानक काम बंद केले आणि हे सॉफ्टवेअर सुरक्षित नसल्याचे जाहीर केले. कोड बंद असता तर वापरणारे वाऱ्यावर पडले असते. पण तो खुला होता, म्हणून लोकवर्गणीतून त्याची तपासणी झाली. २०१५ च्या अहवालात काही चुका निघाल्या, पण मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला नाही. त्याच कोडवर २०१३ मध्ये फ्रान्समधून सुरू झालेले व्हेराक्रिप्ट आजही चालू आहे. मालकाच्या शब्दावर विसंबायचे नाही, तपासून घ्यायचे, हा ओपन सोर्सचा खरा अर्थ आहे.

आता नागपूरकडे या. भीमा कोरेगाव प्रकरणात १७ एप्रिल २०१८ रोजी अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग यांच्या नागपूरच्या घराची झडती झाली आणि संगणकीय साहित्य जप्त झाले. ६ जूनला त्यांना अटक झाली. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने डिस्कच्या प्रती तपासल्या. गडलिंग आणि रोना विल्सन यांच्या संगणकांत नेटवायर हे मालवेअर शिरवून बाहेरून फाइली ठेवल्या गेल्या, असे तिचे २०२१ चे अहवाल सांगतात. एनआयएने हे नाकारले आहे.

डिस्क एन्क्रिप्शनने अशी घुसखोरी थांबते का? नाही. संगणक सुरू करून पासवर्ड टाकला की कुलूप उघडलेलेच असते. ईमेलच्या अटॅचमेंटमधून आलेला चोर मालकाच्या मागोमाग आत येतो. कुलूप चोरीपासून वाचवते, घुसखोरीपासून नाही.

म्हणून काम दुहेरी आहे. डिस्क एन्क्रिप्ट करा, बाहेर पडताना मशीन पूर्ण बंद करा आणि पासवर्ड विसरू नका, कारण तो गेला तर माहितीही गेली. अनोळखी अटॅचमेंट उघडू नका. जप्तीची वेळ आलीच तर जागेवरच हॅश व्हॅल्यू लिहून मागा. हा डिस्कच्या मजकुराचा अंगठा आहे, एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. हे माहीत असलेला एक तरी कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत हवा.