मास्तरांचं कराटे

शोतोकान कराटेच्या वर्गात ज्या म्हाताऱ्याचा फोटो भिंतीवर लावलेला असतो, ते गिचिन फुनाकोशी पेशाने प्राथमिक शिक्षक होते. ओकिनावा बेटावर त्यांनी सुमारे तीस वर्षं मास्तरकी केली. कराटे घेऊन ते टोकियोला गेले तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवली. मला कराटेतला एक ठोसा धड मारता येत नाही, पण या माणसाचं आत्मचरित्र वाचताना पानोपानी आमचा स्टाफरूम दिसत राहतो. कराटेचं आजचं रूप शाळेच्या पटांगणात घडलं, असं माझं मत आहे. त्याचे फायदेतोटेही शाळेचेच आहेत.

फुनाकोशींचा जन्म १८६८ चा, ओकिनावातल्या शुरीचा. सरकारदप्तरी मात्र तो १८७०. टोकियोच्या वैद्यकीय शाळेच्या प्रवेशपरीक्षेला १८७० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच बसता येत होतं, म्हणून दोन वर्षं कमी केली. गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख ठोकून दिलेली माणसं आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांना यात नवल वाटायचं नाही. परीक्षा पास झाली, पण डॉक्टरकी हुकली ती डोक्यावरच्या बुचड्यामुळे. जपानने १८७९ मध्ये ओकिनावाचं रयुक्यू राज्य खालसा केलं होतं आणि नव्या सरकारने बुचडा बंद केला होता. जुन्या सरदार घराण्यांना तो कापणं म्हणजे कुळाला बट्टा वाटे. फुनाकोशींचं घर याच हट्टी पक्षातलं. बुचडा ठेवून वैद्यकीय शाळेत प्रवेश मिळेना.

१८८८ मध्ये ते सहायक शिक्षक झाले आणि तिथेही बुचडा चालणार नव्हताच. या वेळी त्यांनी तो कापला. शाळेच्या गणवेशात घरी आले तेव्हा वडील संतापले, आई मागच्या दाराने निघून थेट माहेरी गेली. पगार महिना तीन येन आणि खाणारी तोंडं दहाच्या आसपास. बायको भाजी पिकवायची, रात्री कापड विणायची. हीच बाई कराटेही शिकली. शेजारीपाजारी भांडणं झाली की मिटवायला तिला बोलावत.

कराटे त्यांच्या आयुष्यात आलं ते वर्गमित्राच्या वडिलांकडून. गिचिन लहानपणी अशक्त, नऊ महिने भरायच्या आत जन्मलेला. व्यायामाने अंग धरेल, या आशेने तो मित्राचे वडील आंको अझातो यांच्याकडे जाऊ लागला. अझातो सरदार. त्या काळी ओकिनावात ही विद्या चोरून चाले, म्हणून शिकवणी रात्री, मागच्या अंगणात, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात. गुरू ओसरीवर बसलेले, शिष्य एकटा. काता म्हणजे ठरावीक क्रमाच्या हालचालींचा सबंध पाठ. तोच काता महिनोन्‌महिने करायचा. गुरूंच्या तोंडून निघे ते एवढंच, की पुन्हा कर, किंवा बरं आहे. तेक्की नावाचे तीन काता पक्के व्हायला त्यांना दहा वर्षं लागली. पहाटे हातात कंदील घेऊन घरी परतणाऱ्या या तरुणाबद्दल आळीत कुजबुज होती की स्वारी वेश्यावस्तीतून येते आहे. पुढे वरिष्ठांनी बढतीचा विषय काढला. मुख्याध्यापक होता आलं असतं, पण त्यासाठी दूरच्या बेटांवर जावं लागणार होतं. त्यांनी नकार दिला. गुरूंपासून लांब जायचं नव्हतं. बदलीसाठी आणि बदलीविरुद्ध काय काय चालतं हे मी पाहिलं आहे. गुरूसाठी बढती सोडणारा मात्र मला कधी भेटला नाही.

त्यांचे दुसरे गुरू आंको इतोसु यांनी या रात्रीच्या विद्येला दिवसा आणलं. १९०१-०२ च्या सुमारास शिंतारो ओगावा नावाचे शिक्षणाधिकारी शाळा तपासायला आले. त्यांच्या स्वागतासाठी कराटेची प्रात्यक्षिकं झाली. साहेब खूश झाले, वर अहवाल गेला आणि कराटे ओकिनावातल्या माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयात शिरलं. आता अंगणात एकटा शिष्य नव्हता, समोर अख्खी तुकडी होती. इतोसुंनी मुलांना पेलतील असे पिनान नावाचे पाच काता रचले आणि १९०८ मध्ये शाळांत कराटे का हवं याची दहा कलमं लिहून दिली. मला त्यात एका जाणत्या शिक्षकाची इयत्तावार आखणी दिसते.

फुनाकोशींनी हीच रीत पुढे नेली. १९२१ मध्ये युरोपला निघालेले युवराज हिरोहितो वाटेत ओकिनावात थांबले, तेव्हा शुरीच्या राजवाड्यात त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. १९२२ च्या मे महिन्यात शिक्षण खात्याच्या प्रदर्शनासाठी ते टोकियोला आले ते कराटेची चित्रं घेऊन. जूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या जूदोशाळेत बोलावलं. कानो स्वतः नामांकित शिक्षणतज्ज्ञ. आणखी काही दिवस राहून शिकवा, असा त्यांचा आग्रह पडला. चित्रकार कोसुगी होआन मागे लागले की पुस्तक लिहा. मास्तर राहिले ते राहिलेच. बायको मात्र आली नाही. पूर्वजांच्या थडग्यांची देखभाल कोण करणार, असा तिचा सवाल होता.

टोकियोतले दिवस ओढग्रस्तीचे होते. मेइसेई जुकु हे ओकिनावाच्या विद्यार्थ्यांचं वसतिगृह. तिथे राहायचं आणि बदल्यात राखण, झाडलोट, बागकाम करायचं. एकदा एक वार्ताहर आला. अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं, फुनाकोशी कुठे भेटतील? म्हातारा आत गेला, किमोनो चढवून बाहेर आला आणि आपणच फुनाकोशी म्हणून नमस्कार केला. पाहुण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. १९२३ च्या भूकंपात त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या छपाईच्या पाट्या नष्ट झाल्या, विद्यार्थी पांगले. मास्तरांनी एका बँकेत स्टेन्सिल कापण्याचं काम करून पोट भरलं.

पण वर्ग उभा राहिला. कानोंच्या जूदोतून त्यांनी पांढरा पोशाख घेतला, पट्टे आणि श्रेणी घेतल्या, आणि १९२४ च्या एप्रिलमध्ये पहिल्या सात जणांना दान ही पदवी दिली. केइओ विद्यापीठात मंडळ निघालं, मग इतर विद्यापीठांत. काताची जुनी चिनी वळणाची नावं टोकियोच्या मुलांना जड जात आणि त्या काळच्या जपानला रुचतही नसत. त्यांनी ती बदलली, पिनानचं हेइआन केलं. १९३५ चं ‘कराटे-दो क्योहान’ हे तर सरळ पाठ्यपुस्तक. रांगा, आकडे मोजत एकसाथ मारलेले ठोसे, परीक्षा, प्रमाणपत्र: कवायतीच्या तासाला मुलं उभी केलेल्या कुणालाही ही मांडणी ओळखता येईल. शैलीला नाव देण्याची त्यांना हौस नव्हती. शोतो हे त्यांचं कवितेखालचं टोपणनाव. विद्यार्थ्यांनी १९३० च्या दशकात वर्गणी काढून दोजो (कराटेची तालीम) बांधला आणि त्यावर शोतोकान अशी पाटी लावली.

१९४५ मध्ये सगळं एकदम गेलं. दोजो हवाई हल्ल्यात जळाला आणि ज्याच्यावर भिस्त होती तो मुलगा गिगो क्षयाने वारला. ओकिनावाच्या लढाईतून वाचलेली बायको क्यूशूतल्या ओइता इथे भेटली आणि १९४७ मध्ये तीही गेली. मास्तर टोकियोला परतले आणि पुन्हा शिकवू लागले.

एका गोष्टीत विद्यार्थ्यांनी त्यांचं ऐकलं नाही. त्यांना सामने नको होते. टोकियो विद्यापीठातल्या मुलांनी चिलखत बांधून झुंजी सुरू केल्या, तेव्हा त्यांनी तिथे जाणं सोडलं. २६ एप्रिल १९५७ ला वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जपान कराटे असोसिएशनने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. २०२१ मध्ये तर कराटे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळलं गेलं. मला यात शिष्यांची बेइमानी दिसत नाही. अंगणातली विद्या एका माणसापुरती राहते. वर्गात आणली की शेकडो मुलांची होते, पण मग तिला इयत्ता लागते, इयत्तेला परीक्षा आणि परीक्षेला पहिला नंबर. मास्तरांनी स्वतः पट्टे दिले, तेव्हाच पहिल्या नंबराचं दार किलकिलं झालं होतं. आमच्या गावातल्या कराटेच्या वर्गाबाहेर पालक विचारतात, काळा पट्टा किती महिन्यांत मिळेल? मी त्यांना तेक्कीची दहा वर्षं सांगतो. बहुतेक जण हसतात आणि दुसऱ्या दिवशीही मुलाला वेळेवर आणून सोडतात, यावर मी समाधान मानतो.