शिक्क्याविना कोशर

चामराजपेटेतून म्हैसूर रोडकडे गेलं की ज्यू लोकांची एक जुनी दफनभूमी लागते. तिथे 1904 साली गेलेल्या सुभेदार सॅम्युअल नागावकर यांची कबर आहे. बंगळुरात नागावकर? नागाव तर अलिबागजवळचं! हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'.

ज्यू धर्मात जे खाणं चालतं ते 'कोशर'. आज पाकिटावर त्याचा शिक्का शोधतात. पण कोकणातल्या या घरांत शिक्का कुठून येणार? आणि त्याची गरजही नव्हती. तांदूळ, कच्च्या डाळी, नारळ, ताजी फळं आणि भाज्या मुळातच कोशर. भाजीतली कीड तेवढी निवडून काढायची. अंडं फोडून बघायचं, रक्ताचा डाग नको. मासा पर आणि खवले असलेला हवा. म्हणजे बांगडा, रावस चालतो. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, मुशी नाही. मटणाची गोष्ट वेगळी. तिथे धर्माप्रमाणे जनावर कापणारा माणूस लागतो. शिवाय मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधाचा. मलिद्याच्या ताटातले पोहे, खोबरं, गूळ, फळं, सगळं बिनशिक्क्याचं.

या समाजात एक कथा सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला. हे लोक खरंच आपले का, हे पाहायला त्याने बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले. ना पोथी होती, ना रब्बी. विळीवर बसलेल्या बाईच्या हातात धर्म टिकला होता.

गंमत बघा, पुढे हीच माणसं इस्राएलला गेली, तेव्हा 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करायचा आदेश काढला. लोकांनी आंदोलन केलं, आणि 1964 मध्ये बेने इस्राएलांचं वेगळं नाव घेणारा तो मजकूर बदलावा लागला.

मासे निवडून ज्यांनी आपली ओळख पटवली होती, त्यांच्याकडेच आता शिक्का मागितला गेला! पाकिटबंद खाण्याला शिक्का लागतो, कारण आत काय घातलंय ते डोळ्यांना दिसत नाही. पण नागावच्या चुलीपुढे बसलेल्या बाईला सगळं दिसत होतं.