आकाशवाणीपासून नम्म ध्वनीपर्यंत

देवकीचा आठवा मुलगा तुझा काळ ठरेल, हे कंसाला सांगणारी आकाशवाणी आपण लहानपणीच ऐकलेली असते. बोलणारा दिसत नाही आणि त्याला उलट विचारायची सोय नाही. मुकाट ऐकायचं, फार तर घाबरायचं.

हा शब्द रेडिओला चिकटला तो म्हैसुरात. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सप्टेंबर 1935 मध्ये राहत्या घरातूनच 30 वॅटचं चिमुकलं केंद्र सुरू केलं आणि त्याला नाव दिलं आकाशवाणी. ते सुचवण्याचं श्रेय बहुतेक जण कन्नड लेखक ना. कस्तुरी यांना देतात. प्राध्यापकांची ही हौस पुढे म्हैसूर संस्थानाने चालवायला घेतली, स्वातंत्र्यानंतर ती ऑल इंडिया रेडिओकडे गेली आणि नोव्हेंबर 1955 मध्ये केंद्र बंगळूरला आलं. थोड्याच वर्षांत दिल्लीने हेच नाव अख्ख्या देशासाठी उचललं. मराठीत तेव्हा ‘नभोवाणी’ हा शब्द चालायचा. तो मागे पडला, पण नभोनाट्याच्या रूपाने अजून तग धरून आहे.

गंमत म्हणजे, एका खासगी घरात जन्मलेलं नाव सरकारी मक्तेदारीचं झालं. 1885 च्या तार कायद्याच्या जोरावर हवेतल्या लहरी सरकारच्याच, असा रिवाज होता. त्याला धक्का बसला तो क्रिकेटमुळे. हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार भांडत सर्वोच्च न्यायालयात गेले. 9 फेब्रुवारी 1995 रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकालपत्रात लिहिलं की लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आपल्या मुंबईच्या न्यायमूर्तींच्या या निकालाचा धागा पुढच्याच वर्षी बंगळूरने पकडला. ‘व्हॉइसेस’ या तिथल्या संस्थेने 1996 मध्ये बैठक बोलावली आणि गावांना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवू द्या, अशी मागणी जाहीरनाम्यातून मांडली.

परवाना मिळेपर्यंत थांबायचं कशाला? कोलार जिल्ह्यातलं बूदिकोटे हे हैदर अलीचं जन्मगाव. हा मुलूख कधीकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतला. तिथे ‘व्हॉइसेस’ आणि ‘मायराडा’ या संस्थांनी, युनेस्कोची मदत घेऊन, 2001 च्या सुमारास ‘नम्म ध्वनि’ उभी केली. अर्थ सरळ: आपला आवाज. हवेतून बोलायला बंदी, म्हणून बचत गटांतल्या बायका आणि गावातली पोरं रेकॉर्ड केलेले कार्यक्रम आधी कर्ण्यावर ऐकवत आणि पुढे केबल टीव्हीच्या तारेतून घरोघर सोडत. मला तर ही तारेवरची युक्ती साऱ्या कुळकथेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. नावही कसं चपखल! आकाशातली वाणी तारेवरून उतरत उतरत ओसरीवर येऊन बसली.

केंद्र सरकारच्या 2002 च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना रेडिओचं दार उघडलं, 2006 च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही. बंगळूरमध्ये 2007 साली जैन शिक्षणसंस्थेचं ‘रेडिओ ॲक्टिव्ह’ 90.4 वर सुरू झालं. तिथे कचरावेचकांपासून तृतीयपंथीयांपर्यंत अनेकांनी माईक हाती घेतला. पुढच्याच वर्षी आपल्याकडे माणदेशात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आली. अशा केंद्राची ताकद 100 वॅटची. आवाज दहा-बारा किलोमीटरपलीकडे क्वचितच पोचतो, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांनीच केलेले हवेत, अशी अट.

आणखी एक अट आहे, आणि ती जाचक आहे. बातम्या आणि चालू घडामोडी सांगायच्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायला नंतर मुभा मिळाली. हवामान, रहदारी, वीज-पाण्याची माहिती बातमीत धरली जात नाही. त्यामुळे नळाला पाणी किती वाजता येणार, हे सांगता येतं. ते चार दिवस का आलं नाही, असं नगरसेवकाला विचारताना मात्र निवेदिका जपून शब्द निवडते.