एका फोटोचे नऊ फोटो का झाले? इमेज अ‍ॅरे आणि मेमरीचा घोळ

आजोबांचा एकच ब्लॅक अँड व्हाइट फोटो आमच्याकडे आहे. वर्षश्राद्धाच्या आधी तो एआय मॉडेलने रंगीत करून आजीला द्यायचा, असं मी ठरवलं. पायथनमध्ये कोड लिहिला, रन केला. एरर काहीच नाही, पण स्क्रीनवर नऊ छोटे आजोबा, तीन ओळींत तीन-तीन, आणि तेही राखाडी! मॉडेल रंगच भरत नाही असं वाटून दोन रात्री मॉडेल बदलत बसलो. चूक मात्र माझ्याच एका ओळीत होती.

नेमकं काय घडलं?

मॉडेलने दिलेल्या अ‍ॅरेचा आकार होता ३×३००×३००. म्हणजे मेमरीत आधी लाल रंगाचे ९०,००० आकडे, मग हिरव्याचे, मग निळ्याचे. फोटो दाखवणाऱ्या लायब्ररीला हवा होता ३००×३००×३, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा शेजारी-शेजारी.

मी नमपायचं 'रीशेप' वापरलं. रीशेप आकड्यांचा क्रम बदलत नाही, फक्त त्यांची नव्याने विभागणी करतं. त्यामुळे लाल रंगाचेच तीन शेजारचे आकडे मिळून एक पिक्सेल बनला. शेजारचे आकडे साधारण सारखेच असतात, म्हणून रंग राखाडी. नव्या एका ओळीत जुन्या तीन ओळी बसल्या, म्हणून शेजारी-शेजारी तीन चेहरे. लाल, हिरवा, निळा मिळून नऊ!

उपाय

इथे 'ट्रान्सपोज' हवं, अक्षांचा क्रम १, २, ०. पण ट्रान्सपोज मेमरीतला डेटा हलवत नाही, फक्त वाचायची पद्धत बदलतं. पुढची लायब्ररी थेट मेमरी वाचत असेल तर आधी 'अ‍ॅजकंटिग्युअसअ‍ॅरे' वापरून नवी प्रत बनवा.

खात्री कशी कराल?

फोनवर गूगल कोलॅब उघडा. ० ते ११ आकड्यांचा ३×२×२ अ‍ॅरे बनवा आणि तो २×२×३ करा. पहिला पिक्सेल ०, ४, ८ आला तर बरोबर. ०, १, २ आला तर माझीच चूक तुम्हीही केलीत!

लक्षणावरून कारण ओळखा

- नऊ राखाडी चित्रं: ट्रान्सपोजऐवजी रीशेप.
- चेहरा निळसर: लाल-निळ्याची अदलाबदल. ओपनसीव्ही फोटो वाचताना निळा आधी ठेवतं.
- चित्र तिरकं सरकलेलं: मेमरीतली ओळ चित्राच्या रुंदीपेक्षा लांब आहे. अँड्रॉइड कॅमेऱ्याचा डेटा घेताना 'रो स्ट्राइड' तपासा.

एरर आली नाही म्हणजे कोड बरोबर, असं नसतं. मॉडेलला दोष देण्याआधी अ‍ॅरेचा आकार आणि दोन-चार पिक्सेल प्रिंट करून बघा.

आणि हो, ती ओळ बदलल्यावर पहिल्याच मॉडेलने फोटो छान रंगवला. आजी म्हणाली, "फेटा केशरी नव्हता रे, गुलाबी होता." ते मात्र कुठल्याच अ‍ॅरेत नव्हतं!