यंत्राची साक्ष आणि आरोपीचा बचाव

सायबर गुन्ह्यांचा विषय निघाला की आपण बहुतेक वेळा फसवणूक झालेल्यांबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा विचार करणार आहोत. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला माणूस नाही, यंत्र आहे. माणसाची उलटतपासणी घेता येते, सर्व्हरची कशी घ्यायची? गेल्या चाळीस वर्षांत कायद्याने या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली. त्या उत्तरांवर कोणी तुरुंगात गेलं, कोणी सुटलं. म्हणून हा इतिहास पाहायचा.

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण आपला पुराव्याचा कायदा तिथल्याच वळणाचा. १९८४ साली तिथे फौजदारी पुराव्याच्या कायद्यात कलम ६९ आलं. संगणकातून निघालेला कागद न्यायालयात द्यायचा असेल, तर संगणक नीट चालत होता हे सरकारी पक्षाने आधी दाखवायचं. पुढे संगणक घरोघरी आले आणि ही अट निव्वळ डोकेदुखी वाटू लागली. तिथल्या विधी आयोगाने ती काढण्याची शिफारस केली, १९९९ च्या कायद्याने ती रद्द झाली. मग उरलं जुनं गृहीतक : यंत्र बरोबरच चालत असतं, चुकलं असं म्हणणाऱ्याने तसा काही आधार दाखवावा.

आता योगायोग पाहा. त्याच १९९९ साली ब्रिटिश पोस्टाने आपल्या शाखांमध्ये 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसवायला सुरुवात केली. प्रणालीत दोष होते. ती खात्यात तूट दाखवायची, प्रत्यक्षात पैसे कुठेच गेलेले नसायचे. पण छोट्या शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. "मी पैसे घेतले नाहीत" एवढंच ते सांगू शकत होते. प्रणालीच्या आतल्या नोंदी त्यांच्या हाती नव्हत्या, मग दोष दाखवणार कुठून? २०१९ मध्ये दिवाणी न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला खास कायदा करावा लागला.

आता भारतात येऊ. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातलं गेलं. म्हणजे इंग्लंड अट काढत होतं तेव्हा आपण अट घालत होतो. गंमत अशी की आपल्या कलमाचा साचा इंग्लंडच्याच १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातला, आणि तो तिथे १९९५ मध्येच रद्द झालेला! अट साधी होती : संगणकातल्या नोंदीची प्रत द्यायची असेल, तर ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली आणि यंत्र नीट चालत होतं का, याचं जबाबदार व्यक्तीच्या सहीचं प्रमाणपत्र जोडा.

पण ही अट बरीच वर्षं कागदावरच राहिली. संसद हल्ल्याच्या खटल्यात, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयाने फोन कॉलच्या नोंदी प्रमाणपत्राशिवायही चालतील असं म्हटलं. नऊ वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१४ रोजी, केरळातल्या एका निवडणूक वादात (अन्वर विरुद्ध बशीर) तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत उलटवलं. प्रत असेल तर प्रमाणपत्र हवंच. सीडीत फेरफार करणं किती सोपं आहे, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

२०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा सूट दिली आणि गोंधळ झाला. तो मिटला आपल्या जालन्याच्या प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहिले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर, म्हणजे दुपारी तीननंतर दाखल झाला, असा आक्षेप होता. पुरावा काय, तर निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. ते सरकारच्या ताब्यात होतं आणि वारंवार मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. प्रमाणपत्र बंधनकारक आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्याने मिळवण्याचे सगळे प्रयत्न केले आणि तरी मिळालं नाही, त्याला अशक्य गोष्टीची सक्ती करता येणार नाही. हा फौजदारी खटला नव्हता, पण आज प्रत्येक सायबर खटल्यात त्याचा दाखला दिला जातो.

इथे बचाव पक्षासाठी एक इशारा आहे. २०१७ च्या सोनू विरुद्ध हरियाणा या निकालात न्यायालयाने म्हटलं की प्रमाणपत्र नाही हा आक्षेप पुरावा दाखल होतानाच घ्यायला हवा. अपिलात पहिल्यांदा घेतलात तर उशीर झाला. वेळेवर एक वाक्य न बोलल्यामुळे चांगला मुद्दा हातचा जाऊ शकतो.

दुसरा हक्क प्रतीचा. २०१९ मध्ये केरळातल्या एका खटल्यात ठरलं की मेमरी कार्डातला मजकूर हा 'दस्तऐवज' आहे आणि आरोपीला त्याची हुबेहूब प्रत मिळायला हवी. पण त्या प्रकरणात पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न होता, म्हणून प्रत न देता फक्त वकील आणि तज्ज्ञासह पाहण्याची मुभा दिली. होरायझनच्या सबपोस्टमास्तरांना यंत्राच्या आत पाहायला मिळालं असतं तर काय झालं असतं, हे आपण मनात धरू.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांचं : एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो पार बदलतो. जप्तीच्या वेळचा हॅश आणि न्यायालयातल्या प्रतीचा हॅश जुळला नाही, तर बचावाच्या वकिलाला विचारायला प्रश्न मिळाला. पंचनाम्यात हॅशच नसेल, तर त्याहून मोठा प्रश्न.

तरीही प्रमाणपत्राकडून फार अपेक्षा ठेवू नये. प्रत मूळाशी जुळते, एवढंच ते सांगतं. मूळ नोंदच चुकीची असेल तर तेही निमूट सही होऊन येईल. होरायझनच्या खोट्या तुटीचीही हुबेहूब प्रत निघालीच असती. आयपी पत्ता जोडणी कोणाच्या नावावर आहे ते सांगतो, त्या रात्री कीबोर्डवर कोणाची बोटं होती ते सांगत नाही. ते सिद्ध करायचं ओझं सरकारी पक्षावरच आहे. पडद्यावर आकडे दिसले म्हणून ते हलकं होत नाही. इंग्लंडने ही गोष्ट नऊशे कुटुंबांच्या किमतीवर शिकली. आपल्याकडे अट कायद्यात आहे. ती तालुक्याच्या न्यायालयात, साध्या माणसाच्या खटल्यात, वेळेवर मागितली जाते का, इतकंच आता आपल्याला पाहायचं आहे.