घरचा कुत्रा आजारी असेल किंवा चावला असेल तर कुटुंबाने काय करावं?

बेगडेवाडीच्या एका बाजूला देहूरोड आणि दुसऱ्या बाजूला तळेगाव. इथे जुन्या वाडीतल्या घरात कुत्रा असतो, तसा नव्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्येही असतो. त्यामुळे रुग्ण स्वतःचं औषध घेऊन झालं की उठता उठता विचारतो, "डॉक्टर, आमचा मोती दोन दिवस जेवत नाही, काय देऊ?"

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याचं निदान आणि औषध जनावरांच्या डॉक्टरांनीच करायला हवं. पण अशा वेळी मी एक प्रश्न नेहमी विचारतो : "या आठवड्यात तो घरात कोणाला चावला, ओरखडला किंवा कोणाच्या जखमेला त्याची लाळ लागली का?" याचं उत्तर "हो" असेल, तर तो प्रश्न माझ्याकडचा आहे आणि तो उद्यावर टाकता येत नाही. कारण रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्याआधी योग्य उपचार वेळेवर आणि पूर्ण घेतले तर मात्र हा आजार टाळता येतो.

"घरचंच पिल्लू आहे, खेळताना दात लागला. तरी इंजेक्शन घ्यायचं?"

हो, कातडी फाटली किंवा खरचटली असेल तर घ्यायचं. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. त्याआधी त्याला स्वतःचं संरक्षण नसतं, आणि दात शिवशिवण्याचं, सगळ्यांना चावण्याचं वयही तेच असतं. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाला आधी कोण चावलं होतं, हे आपल्याला माहीत नसतं.

"पण आमच्या कुत्र्याची लस झालेली आहे," असंही लोक सांगतात. ती चांगली गोष्ट आहे, त्याने धोका बराच कमी होतो. तरी लस वेळेवर दिली का, दरवर्षी दिली का, याची खात्री नसते. म्हणून केवळ कुत्र्याच्या कार्डावर विसंबून माणसाचे उपचार थांबवू नका. कार्ड सोबत आणा, निर्णय डॉक्टर घेतील.

पहिली १५ मिनिटं

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण दोन मिनिटांतच आपल्याला पुरेसं झालं असं वाटतं. साबणाने विषाणू नष्ट होतात आणि पाण्याने वाहून जातात. त्यानंतर घरात पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा.

हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू यांतलं काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. शक्यतो टाके घालत नाहीत. घालावेच लागले तर कधी घालायचे ते डॉक्टर ठरवतात. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं असतं. ते घेतलं म्हणजे रेबीजचं झालं, असं नाही.

कोणत्या जखमेला काय लागतं?

१. कुत्र्याला हात लावला, खायला घातलं, किंवा त्याने धड कातडीवर चाटलं : फक्त धुवा. इंजेक्शन लागत नाही.

२. रक्त न येता किरकोळ ओरखडा किंवा दात घासला : धुणं आणि रेबीजची लस.

३. रक्त आलं, दात आत रुतला, जखमेवर चाटलं, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात गेली : धुणं, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन. लसीमुळे शरीरात संरक्षण तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर हे तयार प्रतिकारद्रव्य जखमेतच विषाणूला अडवतं. म्हणून ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात.

लस दंडात देतात. पोटात १४ इंजेक्शनं देण्याची जुनी पद्धत केव्हाच बंद झाली. त्या भीतीने कोणी घरी थांबू नये. पहिल्या इंजेक्शनचा दिवस शून्य धरला, तर कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि स्नायूत द्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि तान्हं बाळ यांनाही ती देता येते. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर कमी डोस पुरतात, म्हणून जुना कागद जपून ठेवा.

सरकारी दवाखान्यात ही लस मिळते. इम्युनोग्लोब्युलिन सगळीकडे नसतं. त्यासाठी पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचं ससून अशा मोठ्या रुग्णालयात जावं लागू शकतं. ते मिळत नाही म्हणून लसीचा पहिला डोस मात्र अडवू नका. लस सुरू झाल्यापासून सात दिवसांपर्यंत ते देता येतं, पण जितकं लवकर तितकं चांगलं.

"कुत्रा १० दिवस बांधून ठेवू, काही झालं तर इंजेक्शन घेऊ"

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या वाक्याची. १० दिवसांचा नियम खरा आहे, पण तो उलटा लक्षात राहिलेला आहे. लाळेत रेबीजचा विषाणू आलेला कुत्रा साधारण १० दिवसांत आजारी पडून मरतो. म्हणून कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, पण उपचार पहिल्याच दिवशी सुरू करायचे. १० दिवसांनंतर कुत्रा ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. कुत्रा मेला, हरवला किंवा आजारी पडला तर कोर्स पूर्ण करायचा.

चावून आठवडा, महिना उलटून गेला असला तरी या. लक्षणं दिसायला बहुतेकदा एक ते तीन महिने लागतात, क्वचित त्याहूनही जास्त. उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका.

"लाळ गळतेय, गिळता येत नाही. घशात हाड अडकलं असेल का?"

असेलही. पण तोंडात हात घालून बघू नका. पिसाळलेला कुत्रा म्हणजे भुंकत अंगावर येणारा, एवढंच चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. काही कुत्रे उलट गप्प होतात. अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतात, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. घरच्यांना वाटतं हाड अडकलं, आणि मायेपोटी ते बोटं घालून हाड शोधतात. दात लागलेला नसतो, त्यामुळे हा संपर्क कोणाच्या लक्षातही राहत नाही. हातावर बारीक चीर असेल तर तेवढी पुरते.

असा कुत्रा एका खोलीत किंवा आवारात वेगळा ठेवा, मुलांना लांब ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. तो मेला तर उघड्या हाताने उचलू नका. त्याची लाळ ज्यांच्या जखमेला, तोंडाला, डोळ्याला लागली असेल, त्या सगळ्यांना दवाखान्यात आणा.

"शांत कुत्रा अचानक का गुरगुरतो?"

बहुतेकदा दुखतंय म्हणून. कानातला पू, दुखरा दात, म्हातारपणी आखडलेले सांधे, कुठेतरी लागलेला मार. पिल्लं झालेली कुत्री आणि ताटलीवर असलेला कुत्राही गुरगुरतो. गुरगुरणं हा इशारा असतो. त्यासाठी मारलं तर तो इशारा द्यायचं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. कारण शोधण्यासाठी तपासून घ्या. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ लहान मुलाला एकटं सोडू नका. मुलांची उंची कमी, त्यामुळे चावा चेहऱ्यावर, डोक्यावर बसतो, आणि मेंदूच्या जवळची जखम जास्त धोक्याची असते.

उलट्या, जुलाब आणि घरातल्या गोळ्या

लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील तर पार्व्हो असू शकतो. तो माणसाला होत नाही, पण पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकतं. त्याच दिवशी न्या. आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका; कुत्र्याला त्याने विषबाधा होऊ शकते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही नको.

गोचीड, जंत आणि पावसाळा

गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढा. रॉकेल टाकू नका, जाळू नका, बोटांनी चिरडू नका. घरात गोचीड असताना माणसाला ताप आला आणि अंगावर, विशेषतः तळहात-तळपायावर पुरळ उठलं, तर डॉक्टरांना गोचिडांबद्दल आवर्जून सांगा.

पिल्लाला आणि मोठ्या कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित जंताचं औषध द्या. बोकड कापल्यावर कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालू नका. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक जंत वाढतो, आणि त्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेली तर माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्याला लूत असेल तर घरच्यांनाही खाज सुटू शकते. कुत्र्याचे उपचार झाले की ती जाते.

मावळात पावसाळ्यात भातखाचरं आणि डबकी तुडवणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि त्याच्या लघवीतून तो माणसालाही लागू शकतो. कुत्र्याला त्याची लस असते. त्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला.

त्याच दिवशी दवाखान्यात या, जर

– कुत्र्याच्या दाताने किंवा नखाने कातडी फाटली किंवा खरचटली असेल;
– जखमेवर, डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली असेल;
– गेल्या काही दिवसांत चावलेला कुत्रा मेला किंवा हरवला असेल;
– लहान मूल "कुत्रा चावला" म्हणत असेल आणि जखम नीट दिसत नसेल.

मार बसेल म्हणून मुलं चावा लपवतात. कुत्रा घरात आणला त्याच दिवशी मुलांना एवढं सांगून ठेवा : तो चावला तर सांग, कोणी रागावणार नाही.